विषय: राजीनाम्यावर सही मागतायत, १ मार्चचा चेक आहे

प्रेषक: अ. दे., अल नहदा (शारजा)
रविवार, १५ फेब्रुवारी २००९, रात्री ११:४०

नमस्कार. ह्यांना आज ऑफिसात बोलावलं आणि राजीनामा टाइप करून पुढे ठेवला. "सही करा, पुढच्या नोकरीला बरं दिसतं" म्हणे. ह्यांनी उद्यापर्यंत वेळ मागून घेतलीय. ह्यांच्या साइटवरचा टॉवर चौदाव्या स्लॅबवर थांबलाय, शटरिंगसुद्धा उतरवलेलं नाही. एकदा व्हिसा रद्द झाला की ३० दिवसांत देश सोडायचा. मुलाची आठवीची परीक्षा ५ मार्चला सुरू होते. आणि घरभाड्याचा आधीच लिहून दिलेला पुढचा चेक १ मार्चचा आहे, १०,५०० दिरहमचा. खात्यात तेवढे आहेत, पण ते दिले तर हातात काहीच उरत नाही. सही करायची का? म. श्री. काका, गणपतीच्या वेळी असेच अडकलेल्या त्या दोघांचं तुम्हीच निस्तरलं होतंत. सीव्ही जोडलाय, कोणाकडे काही असेल तर बघा.

---

प्रेषक: सचिव
सोमवार, १६ फेब्रुवारी, सकाळी ७:०५

ताई, वाचून वाईट वाटलं. मात्र सीव्ही ह्या ईमेल लिस्टवर टाकू नयेत असं डिसेंबरच्या सभेत ठरलंय. ते समितीकडे पाठवा, आम्ही एकत्र करून पुढे देतो. आलेल्यांत निम्म्याहून जास्त सिव्हिलचेच आहेत, म्हणून शिस्त लागते. पाडवा २७ मार्चला, शुक्रवारी सुट्टीच्याच दिवशी आलाय. हॉलसाठी माणसांचा आकडा गुरुवारपर्यंत कळवा.

---

प्रेषक: म. श्री., करामा
सोमवार, १६ फेब्रुवारी, सकाळी ७:२०

सही करू नका. ऑफिसला निघायच्या आधी हे वाचा.

करार बेमुदत आहे ना? मग हिशेब असा. बेसिक ४,५०० धरलं तर दिवसाचे १५०. पहिली पाच वर्षं दर वर्षाला २१ दिवसांची ग्रॅच्युइटी, म्हणजे ३,१५०. चार वर्षं दोन महिने झाले असतील तर १३,१२५. कंपनीने काढलं तर हे पूर्ण मिळतात. स्वतः राजीनामा दिला तर तीन ते पाच वर्षांच्या नोकरीला दोन तृतीयांशच, म्हणजे ८,७५०. एका सहीत ४,३७५ गेले. शिवाय परतीचं तिकीट त्यांच्याकडून मिळायचं, तेही जाईल.

दुसरं म्हणजे ३० दिवसांची नोटीस लेखी मागा. व्हिसा नोटीस संपल्यावर रद्द होतो आणि पुढचे ३० दिवस तिथून मोजतात. आज नोटीस मिळाली तर मार्चच्या मध्यापर्यंत नोकरी आणि एप्रिलच्या मध्यापर्यंत मुक्काम. परीक्षा आरामात होते. तुमचे आणि मुलाचे व्हिसा मात्र त्यांच्या आधी रद्द करावे लागतील, त्या तारखा आधीच पीआरओकडून (कंपनीची व्हिसाची कामं बघणाऱ्याकडून) लिहून घ्या.

गाडीचं कर्ज आहे का? असेल तर शेवटचा हिशेब खात्यात पडला की बँक तो अडवते. आधी बँकेत जाऊन बोला.

---

प्रेषक: व. जो., देरा
सोमवार, १६ फेब्रुवारी, दुपारी १:१०

काका बरोबर सांगतायत, पण चेकचं राहिलं. बँकेला सांगून तो थांबवू नका. थांबवलेला चेकही परतच जातो, आणि परत गेलेला चेक म्हणजे इथे पोलीस केस. विमानतळावर अडकलेला एक माणूस आपल्याच बिल्डिंगमधला होता.

माझं नोव्हेंबरमध्ये असंच झालं. फोनवर सगळे "बघू" म्हणायचे. शेवटी नातूरला (बिल्डिंगच्या वॉचमनला) बरोबर घेऊन रिअल इस्टेटच्या ऑफिसात गेलो, महिन्याचं भाडं दंड म्हणून देतो म्हटलं आणि चेक हातात परत घेतला. फाडलाय असं कोणी सांगितलं तर मानू नका, कागद बघितल्याशिवाय उठू नका. शारजाचे भाड्याचे नियम दुबईपेक्षा वेगळे आहेत, म्हणून दोन महिने मागितले तरी घासाघीस करा.

---

प्रेषक: प्र. का., अबू धाबी
सोमवार, १६ फेब्रुवारी, रात्री ९:३०

सीव्ही लिस्टवर आला हे बरंच झालं, नाहीतर मला दिसला नसता. सचिवांनी रागावू नये.

ताई, वर "जी प्लस २२ रेसिडेन्शियल" (तळमजल्यावर २२ मजल्यांची राहती इमारत) लिहिलंय ते खाली न्या. आज ते वाचून कोणी फोन करणार नाही. ज्या टॉवरचे पैसे फ्लॅट विकून यायचे होते, ती कामं बंद पडलीयत. तिकडे दुबईत पाम बेट बांधणाऱ्या नखील कंपनीनेच नोव्हेंबरमध्ये ५०० माणसं कमी केली. सरकारी पैशाची कामं चालू आहेत. आमच्याकडे यास बेटावरच्या ट्रॅकवर १ नोव्हेंबरला फॉर्म्युला वनची रेस आहे, तिथे रात्रपाळ्या चालल्यात. सांडपाण्याचा सुमारे ४० किलोमीटरचा खोल बोगदा येतोय.

ह्यांच्या सीव्हीत तिसऱ्या पानावर एक ओळ दडलीय: दोन बेसमेंट, शीट पाइलिंग (खड्ड्याभोवती पोलादी पत्रे ठोकणं), डीवॉटरिंग (पाणी उपसणं). तीच पहिल्या पानावर हवी. किती मीटर खोल खणलं, पाणी किती मीटरवर लागलं, किती पंप दिवसरात्र चालवले, शेजारच्या रस्त्याला तडा गेला का, सगळं लिहा. बोगद्याच्या शाफ्टला, म्हणजे खाली उतरायच्या खोल विहिरीला, असाच माणूस लागतो. बावीस मजले चढवलेला माणूस आत्ता शेकड्याने मिळतो, पाणी उपसलेला मिळत नाही.

---

प्रेषक: सु. पा., मुंबई (पूर्वी बर दुबई)
मंगळवार, १७ फेब्रुवारी, सकाळी ८:१५

एवढी धडपड कशाला, परत या. वांद्रे-वरळी सागरी सेतू उघडायच्या बेतात आहे, वर्सोवा-घाटकोपर मेट्रोचे खांब उभे राहतायत. शहरांसाठीच्या केंद्राच्या नेहरू योजनेतून पुणे, नाशिक, नागपूर सगळीकडे पाणीपुरवठा आणि ड्रेनेजची कामं निघालीयत. मी २००२ मध्ये परत आलो तेव्हा लोकांनी वेड्यात काढलं होतं. आज रात्री घरी जेवतो.

---

प्रेषक: व. जो., देरा
मंगळवार, १७ फेब्रुवारी, सकाळी ९:००

सु. पा., २००२ वेगळं होतं. इथे ९,००० दिरहम मिळवणाऱ्याला पुण्यात कन्सल्टंट ३५,००० रुपये सांगतोय. १३ रुपयांच्या भावाने तुम्हीच गुणून बघा. ठाण्यात फ्लॅटचा हप्ता चालू असलेल्याने काय करायचं?

---

प्रेषक: सु. पा., मुंबई
मंगळवार, १७ फेब्रुवारी, सकाळी ९:४०

गुणाकार नोकरी असताना करायचा असतो. इथे ३५,००० त महिन्याला काही ना काही उरतं, तिथे बसून राहिलं तर रोज जातं. ताई, ह्यांना मला फोन करू द्या. ड्रेनेजच्या कामावरचा माझा एक मित्र माणूस शोधतोय, आणि तोही डीवॉटरिंगचाच विचारत होता.

---

प्रेषक: सचिव
मंगळवार, १७ फेब्रुवारी, दुपारी १२:३०

फोन नंबर लिस्टवर टाकू नका, समितीमार्फत द्या. पाडव्याच्या आकड्याला अजून तिघांनीच उत्तर दिलंय.

---

प्रेषक: र. वै., अल नहदा (दुबईकडची)
मंगळवार, १७ फेब्रुवारी, दुपारी २:००

अ. दे., घर सोडावं लागलं तर मुलाला परीक्षेपुरतं माझ्याकडे ठेव. शाळेची बस आमच्या सिग्नलवरूनच जाते. आमचीपण आठवीच आहे, दोघं मिळून अभ्यास करतील. विचारत बसू नकोस.

---

प्रेषक: अ. दे., अल नहदा (शारजा)
बुधवार, १८ फेब्रुवारी, रात्री १०:१५

सही केली नाही. दोन तास बसवून ठेवलं, मग काल संध्याकाळी काढल्याचं पत्र दिलं, १९ मार्चपर्यंतच्या नोटिशीसकट. ह्यांनी काल रात्रीच सीव्ही बदलला. खोली ८.५ मीटर, पाणी २ मीटरवर, सहा पंप. लिहिताना बोलायलाही लागले, दोन दिवस गप्पच होते. प्र. का. दादा, नवा सीव्ही तुम्हाला पाठवलाय, सचिवांनाही. सु. पा. काकांशी अर्धा तास बोलणं झालं. दोन्हीकडे प्रयत्न करणार आहेत. वैद्य वहिनींना काय म्हणू, आज घरी येऊन डबा ठेवून गेल्या.

चेकसाठी उद्या साडेचारला बोलावलंय. दीड महिन्याचं भाडं मागतायत. ह्यांना अरबी येत नाही. काका, तुम्ही बरोबर याल का?

---

प्रेषक: म. श्री., करामा
बुधवार, १८ फेब्रुवारी, रात्री १०:२५

येतो. दुबईहून संध्याकाळी शारजाचा रस्ता भरतो, तेव्हा तीनलाच निघेन. म्युनिसिपालिटीचा शिक्का असलेला भाडेकरार, चेकची झेरॉक्स आणि काढल्याचं पत्र घ्या. पत्राच्या दोन प्रती काढा. सव्वाचारला नातूरच्या खोलीपाशी थांबा.