वापरलेला फोन घेताना : ब्लॉक केलेला आयएमईआय कसा ओळखायचा?

प्रेषक : मस्कत

नमस्कार मंडळी,

चवथीला फोंड्याला घरी जातोय. बाबांसाठी एक आणि भाचीसाठी एक असे दोन वापरलेले फोन तिथेच घ्यायचे आहेत. म्हापसा, पणजी किंवा मडगाव, जिथे बरा मिळेल तिथे. चोरीचा किंवा ब्लॉक केलेला फोन गळ्यात पडू नये म्हणून पैसे देण्याआधी नेमकं काय बघायचं? एका दुकानदाराला फोन केला तर म्हणाला, "सिम घालून बघा, रेंज आली म्हणजे झालं." एवढं पुरतं का? की त्यापेक्षा इथूनच एखादा वापरलेला फोन नेलेला बरा?


प्रेषक : म्हापसा

> सिम घालून बघा, रेंज आली म्हणजे झालं

पुरत नाही. शिवाय सिम घालणं ही शेवटची पायरी आहे, पहिली नव्हे. हरवलेल्या फोनची नोंद सीईआयआरवर, म्हणजे असे फोन ब्लॉक करणाऱ्या सरकारी यंत्रणेत, झाली की तो फोन कुठल्या सिमवर चालू होतो, याचा माग पोलिसांना लागतो. म्हणजे तुम्ही नुसती रेंज बघायला बाबांचं सिम घातलंत, तर पोलिसांचा फोन बाबांना येणार. म्हणून आधी नंबर तपासा.

फोन हातात घेतला की *#०६# डायल करा. पंधरा आकडी आयएमईआय, म्हणजे त्या फोनचा स्वतःचा ओळख नंबर, दिसतो; दोन सिमच्या फोनला असे दोन नंबर असतात. मग आपल्या भारतीय नंबरवरून १४४२२ वर एसएमएस करायचा : इंग्रजीत केवायएम ही तीन अक्षरं, एक जागा सोडून आयएमईआय. दुसऱ्या नंबरसाठी वेगळा एसएमएस. हेच सरकारच्या 'संचार साथी' संकेतस्थळावर किंवा अ‍ॅपवर होतं. तुमचं ओमानी सिम इथे उपयोगाचं नाही. विक्रेता आधी नंबर कळवत असेल तर तिथूनच घरच्यांना पाठवा, एसएमएस ते करतील.

उत्तरात ब्लॅकलिस्टेड, डुप्लिकेट किंवा आधीच वापरात, यांपैकी काही आलं तर फोन घेऊ नका, असं पोर्टलच सांगतं. लोक इथपर्यंत येतात आणि थांबतात. त्याच उत्तरात कंपनी आणि मॉडेलही येतं, ते कुणी वाचत नाही. आयएमईआयचे पहिले आठ आकडे मॉडेलचे असतात. हातात एका कंपनीचा फोन आणि उत्तरात दुसरीच कंपनी, तर नंबर बदललेला आहे किंवा आतला मुख्य बोर्ड दुसऱ्या फोनचा आहे. काळ्या यादीत नंबर नसला तरी असा फोन तिथेच ठेवून निघायचं.

आता नंबर चार ठिकाणी जुळवा : *#०६#, सेटिंग्जमधलं 'अबाउट', खोक्यावरचं स्टिकर आणि मूळ बिल. खोकी सुटी विकत मिळतात, त्यामुळे नुसत्या खोक्यावर विश्वास नको. जुन्या आयफोनच्या सिम ट्रेवर कोरलेला नंबर वेगळा निघाला तर तेवढ्याने घाबरू नका, ट्रे बदललेला असू शकतो. आयफोनच्या 'अबाउट'मध्ये मॉडेल नंबरचं पहिलं अक्षर बघा : एम असेल तर नवा विकलेला, एफ म्हणजे कंपनीने दुरुस्त करून विकलेला, एन म्हणजे बदलून दिलेला. बदलून दिलेल्या फोनचा आयएमईआय मूळ बिलाशी जुळणार नाही. तेव्हा बदलीचा कागद मागा. तो नसेल तर जुळत नसलेला नंबर हा संशयच.

शेवटचा, पंधरावा आकडा पडताळणीचा असतो. पहिल्या चौदांपैकी दुसरा, चौथा, सहावा असे एकाआड एक आकडे दुप्पट करा. दुप्पट दोन आकडी आली तर तिचे आकडे सुटे धरा. सगळ्यांची बेरीज करा. ती पुढच्या दशकापर्यंत न्यायला जे लागेल तोच पंधरावा आकडा. ४९०१५४२०३२३७५१ ची बेरीज ५२ येते, म्हणून शेवटी ८. मनाने रचलेला नंबर यात बहुधा पकडला जातो. चांगल्या फोनचा उचलून डकवलेला नंबर मात्र यात बिनबोभाट पास होतो. तो पकडायला वरचं मॉडेल जुळवणंच लागतं.


प्रेषक : मडगाव

म्हापशाच्या काकांनी सगळं सांगितलं, पण एक गोष्ट ठासून सांगायला हवी. आज नंबर स्वच्छ आला म्हणजे उद्याही स्वच्छ राहील असं नाही.

कळंगुट-बागा भागात एखाद्या पर्यटकाचा फोन हरवतो. तो सुट्टी संपवून गावी जातो, नवं सिम काढतो, तिथल्या पोलिसांत तक्रार देतो आणि मग सीईआयआरवर अर्ज भरतो. अर्जानंतर ब्लॉक लागायला चोवीस तासांपर्यंत जाऊ शकतात. मधल्या काळात तोच फोन इथल्या काउंटरवर स्वच्छ दिसतो. तक्रार दुसऱ्या राज्यातली म्हणून गोव्यात सुटका नाही. ही यंत्रणा सप्टेंबर २०१९मध्ये महाराष्ट्र, गोवा आणि दादरा-नगर हवेलीत सुरू झाली आणि मे २०२३पासून ती देशभर आहे. एकदा ब्लॉक लागला की भारतातल्या कुठल्याच कंपनीच्या सिमवर फोन चालत नाही. वायफायवर मात्र सगळं सुरळीत. म्हणूनच दुकानात वायफायवर व्हिडिओ लावून दाखवला की गिऱ्हाईक फसतं.

त्यामुळे माझा भर तपासणीपेक्षा कागदावर. मूळ बिल हवं, त्यावर आयएमईआय छापलेला हवा. दुकानातून घेत असाल तर दुकानाच्या बिलावर दोन्ही आयएमईआय, तारीख आणि 'वापरलेला फोन' असा उल्लेख लिहून घ्या. 'नंबर ब्लॉक झाल्यास पूर्ण रक्कम परत' ही ओळही लिहून मागा. ती लिहायला कां-कूं करणाऱ्याकडे फोन कितीही स्वस्त असो, घेऊ नका. २०२५च्या सायबर सुरक्षा नियमांतल्या दुरुस्तीनंतर जुने फोन विकणाऱ्यांनी विक्रीआधी नंबर काळ्या यादीशी ताडून बघायचा आहे. तेव्हा दुकानदाराला ते विचारणं म्हणजे काही त्याचा अपमान नव्हे.

खासगी माणसाकडून घेत असाल तर त्याच्या ओळखपत्राची सही केलेली प्रत घ्या आणि पैसे यूपीआयने द्या. पैसे पाठवताना पडद्यावर जे नाव येतं ते ओळखपत्रावरच्या नावाशी जुळायला हवं. "माझ्या मित्राच्या खात्यावर टाका" म्हणाला की व्यवहार तिथेच सोडा. चोरीचा माल आहे हे माहीत असून किंवा तसं मानायला कारण असून घेतला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७खाली तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. अर्ध्या किमतीत, बिलाशिवाय, रोखीने घेतलेला फोन "मला ठाऊक नव्हतं" म्हणून पटवून देणं कठीण जातं.


प्रेषक : स्विंडन

> इथूनच एखादा वापरलेला फोन नेलेला बरा?

यात तीन वेगवेगळी कुलपं आहेत, लोक त्यांची गल्लत करतात.

पहिलं म्हणजे काळी यादी. ती त्या-त्या देशाची. परदेशात हप्ते थकले किंवा विम्याचा दावा केला म्हणूनही फोन यादीत जातो. असा फोन भारतातल्या एसएमएसमध्ये स्वच्छ दिसू शकतो. म्हणून तपासणी जिथून फोन आला त्या देशात करायची. अमेरिकेतल्या फोनसाठी तिथल्या मोबाइल कंपन्यांच्या संघटनेचं मोफत तपासणीचं संकेतस्थळ आहे, ब्रिटनमध्ये चेकमेंड या तपासणी सेवेचा अहवाल पैसे भरून मिळतो.

दुसरं कंपनीचं सिम-कुलूप. आयफोनवर सेटिंग्ज, जनरल, अबाउट, कॅरियर लॉक इथे 'नो सिम रिस्ट्रिक्शन्स' असंच वाचायला मिळालं पाहिजे. हे कुलूप देश बदलला तरी फोनसोबत येतं.

तिसरं खात्याचं कुलूप : आयक्लाउड, गूगल, किंवा कार्यालयाचं अथवा कर्ज देणाऱ्या संस्थेचं नियंत्रण. यासाठी पैसे देण्याआधी फोन पुसायलाच, म्हणजे आतला सगळा डेटा काढायलाच, लावा. आधी विक्रेत्याने स्वतःचं खातं काढायचं, आयफोन असेल तर 'फाइंड माय' बंद करायचं, मग सेटिंग्जमधून रीसेट. खातं न काढता बटणं दाबून रिकव्हरीतून पुसलं तर फोन जुन्या मालकाचाच पासवर्ड मागत बसतो. रीसेटनंतर वायफाय जोडून मुख्य पडद्यापर्यंत पोहोचा. 'रिमोट मॅनेजमेंट' किंवा 'हे उपकरण संस्थेचं आहे' असं काही आलं तर ते रीसेटने जाणारं नाही. या सगळ्याला वीसेक मिनिटं लागतात. विक्रेत्याला घाई असेल तर ती त्याची अडचण.

आणि बाबांसाठी एक : अमेरिकेतल्या आयफोन १४पासून पुढच्या फोनला सिमची खाचच नाही, नुसतं ई-सिम. आयफोन १७ आखातातही, तुमच्या ओमानातही, तसाच आहे. बाबांना सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घालायची सवय असेल तर असा फोन नेऊ नका. बोटीवरच्या नोकरीतून सुट्टीला आलेले लोक विकतात त्या फोनांतही हे बघा.


प्रेषक : मस्कत

सर्वांचे आभार. एकच विचारायचं राहिलं. दुसरा एक दुकानदार म्हणतो, "पुढे ब्लॉक निघालाच तर घेऊन या, नंबर बदलून देतो, दीड हजारात काम." हे खरंच होतं का?


प्रेषक : म्हापसा

काही फोनांवर होतं, आणि म्हणूनच त्या दुकानात पाऊल टाकू नका. आयएमईआयमध्ये फेरफार करणं हा दूरसंचार अधिनियम २०२३खाली गुन्हा आहे : तीन वर्षांपर्यंत कैद, पन्नास लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. जो माणूस नंबर बदलून देतो, त्याच्या काउंटरवरचे बाकीचे फोन कुठले, हा प्रश्न तुम्हीच स्वतःला विचारा.

ब्लॉक काढायचा कायदेशीर रस्ता एकच. फोन सापडल्यावर ज्याने तक्रार केली तो, त्याला मिळालेल्या रिक्वेस्ट आयडीने, ब्लॉक काढायला अर्ज करतो. तुमच्याकडे तो आयडी नसणार. घेतल्यावर फोन ब्लॉक केलेला निघाला तर सिम लगेच काढा, फोन बंद करा, पुसू नका, कुणाला पुढे विकूही नका. बिल, ओळखपत्राची प्रत आणि यूपीआयची नोंद घेऊन जवळच्या पोलीस ठाण्यात जा, फोन जमा करून पोच घ्या. पैसे परत मिळवण्यासाठी विक्रेत्याच्या मागे लागायचं ते त्या पोचेच्या आधारावर.

शेवटची कॉलची चाचणी विसरू नका. एसएमएसचं उत्तर ठीक, कागद ठीक, फोन पुसून झाला, की मगच आपलं सिम. दोन्ही खाचांत एकेकदा घालून प्रत्येकी एक कॉल लावा आणि एक घ्या. सिम काढलेलंच आहे तर टॉर्च मारून खाचेत आत बघा. पाणी लागलं की रंग बदलणारी खूण मूळची पांढरी असते. ती लाल असेल तर फोन पाणी बघून आलेला आहे, आणि आपल्याकडच्या खाऱ्या पाण्यानंतर बोर्ड फार काळ टिकत नाही.