ओपिऑइड : 'अफूजन्य', 'अफूसम' की आणखी काही?

मृदुला : शस्त्रक्रियेआधी रुग्णाच्या हाती द्यायच्या माहितीपत्रकाचं भाषांतर करतेय. वाक्य असं : 'ओपिऑइड वेदनाशामकांमुळे शस्त्रक्रिया चालू असताना नाडी मंदावू शकते, रक्तदाब कमी होऊ शकतो.' ओपिऑइड म्हणजे मॉर्फीनसारखं काम करणारी औषधं; त्यासाठी मी 'अफूजन्य' लिहिलं होतं. तपासणाऱ्यांनी ते खोडून 'मादक' केलं. 'मादक औषध देणार' हे वाचून संमतीपत्रावर सही कोण करेल?

केशरकाडी : मादक नकोच, पण अफूजन्यही नको. मॉर्फीन अफूच्या चिकातून निघतं, त्याला शोभेल. फेंटानिलही ओपिऑइडच, पण ते प्रयोगशाळेत तयार होतं, त्याचा अफूच्या बोंडाशी संबंध नाही. 'अफूसम' लिहा.

जुनापाना : मग सरळ 'अहिफेनसम' लिहा की. अफूला अहिफेन हा शुद्ध संस्कृत शब्द असताना अफू कशाला?

केशरकाडी : अहिफेन शुद्ध कसला! ग्रीक 'ओपिऑन', त्याचं अरबी 'अफ्यून', आणि त्याला आपण चढवलेला संस्कृत साज. अहि म्हणजे साप, फेन म्हणजे फेस, ही फोड नंतर जोडलेली.

निशिगंध : मी भूल देते, म्हणून आशयाबद्दल लिहिते. त्या वाक्यात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र कोंबल्यात. नाडी मंदावते ती मुख्यतः हृदयाचे ठोके मंदावणाऱ्या व्हेगस मज्जातंतूचा जोर वाढल्याने. अ‍ॅट्रोपीन हे तो जोर रोखणारं औषध दिलं की नाडी सहसा वर येते. रक्तदाबाचं कारण औषधागणिक बदलतं. मॉर्फीनमुळे शरीरात हिस्टामिन हे रसायन सुटतं, रक्तवाहिन्या सैलावतात. फेंटानिलमध्ये तसं होत नाही, पण सोबत प्रोपोफॉल हे भुलीचं औषध असेल तर दाब चांगलाच खाली येऊ शकतो. पेथिडिन या दुसऱ्या ओपिऑइडने तर उलट नाडी वाढू शकते. म्हणजे 'ओपिऑइडमुळे' असं सरसकट लिहिणंच धोक्याचं.

आणि 'वेदनाशामक' हा शब्द मला तिथे खटकतो. श्वासनळीत नळी घालतानाचा क्षण घ्या. रुग्ण गाढ भुलीत, पापणीही हलत नाही, आणि मॉनिटरवर ठोके 70 वरून 110! दाबही चढतो. फेंटानिल काही मिनिटं आधी दिलेलं असेल तर ही उसळी दबते. रुग्णाला कळतच नाही, तर शमवली ती वेदना कशी?

जुनापाना : अगदी बरोबर. वेदना 'विद्' धातूपासून, विद् म्हणजे जाणणे. जाणीव नाही तिथे वेदना नाही.

केशरकाडी : धातूवरून अर्थ ठरवायचा तर 'वेदनादायक आठवण' कशी चालते? वेदनाशामक म्हणजे दुखणं थांबवणारं औषध, हे आजारी माणसाला कळतं. तेवढं पुरे.

निशिगंध : दुखणं थांबवणारं औषध भुलीत नाडी का आवरतं, हे त्यातून कळत नाही ना.

मृदुला : 'उसळी दबते' हे मी उचलते. पण ओपिऑइडचं काय लिहू?

जुनापाना : त्याआधी 'कमी होऊ शकतो' बदला. ताप उतरतो तसा रक्तदाबही उतरतो.

निशिगंध : 'उतरला' म्हटलं की नातेवाइकांना बरं वाटतं. दाब पडला असेल तेव्हा मी 'पडला' असंच सांगते.