विश्वामित्रीचे पूरक्षेत्र आणि रजाचिठ्ठी असलेली बांधकामे
(वडोदऱ्यातील दांडिया बाजार, समा आणि वाडी या भागांतील तीन रहिवाशांचा संवाद)

दांडिया बाजार :
ऑगस्ट २०२४च्या पुरात, धोक्याची पातळी २६ फूट असताना, वडोदऱ्यातून वाहणारी विश्वामित्री नदी ३५ फुटांच्याही वर गेली. त्याच्या तीन वर्षे आधी, २५ मे २०२१ रोजी, राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने या नदीचे पूरक्षेत्र आणि कोतरे, म्हणजे पात्राकडे उतरणाऱ्या घळी, यांची हद्द आखून अतिक्रमणे हटवण्यास सांगितले होते. पुराचे पाणी आधी याच घळींत आणि सखल जमिनीत पसरते. त्या भराव टाकून बुजवल्या की तेच पाणी वस्तीत शिरते. म्हणून माझे स्पष्ट मत आहे की हद्दीत येणारे प्रत्येक बांधकाम हटले पाहिजे, मग त्याच्याकडे महापालिकेची रजाचिठ्ठी, म्हणजे बांधकाम परवानगी, असो वा नसो.

समा :
आपला हेतू मला मान्य आहे, मार्ग मान्य नाही. टी.पी. (नगररचना) स्कीममध्ये मंजूर झालेल्या भूखंडावर, बँकेने कागद तपासून कर्ज दिल्यावर ज्याने घर घेतले, त्याला आज अतिक्रमणकर्ता ठरवणे हा उघड अन्याय आहे. घटनेच्या कलम ३००अ नुसार कायद्याच्या अधिकाराशिवाय कोणाचीही मालमत्ता हिरावून घेता येत नाही. शिवाय पूर केवळ बांधकामांमुळे येत नाही. वरच्या भागातला पाऊस आणि आजवा जलाशयातून सुटणारे पाणीही त्याला कारणीभूत असते. आधी नदी खोल आणि रुंद करावी.

दांडिया बाजार :
परवानगी मिळाली म्हणून नदीची जमीन खाजगी होत नाही. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कमलनाथ प्रकरणात बियास नदीकाठचा, सरकारनेच मंजूर केलेला भाडेपट्टा रद्द केला, कारण नदी ही सरकारकडे जनतेची ठेव म्हणून असते. घर घेणाऱ्याला भरपाई अवश्य मिळावी, परंतु ती भराव टाकणाऱ्या बिल्डरकडून आणि मंजुरी देणाऱ्या अधिकाऱ्याकडून वसूल व्हावी. नदी खोदण्याविषयी सांगायचे तर, तिचे उतरते मातीचे काठ हे मगरींचे घर आहे आणि १९७२च्या वन्यजीव कायद्याने त्यांना सर्वोच्च संरक्षण दिलेले आहे. तिथे यंत्रे उतरवताना हा कायदा बाजूला ठेवता येणार नाही.

वाडी :
आपण दोघेही फ्लॅटधारकांविषयीच बोलत आहात. १३ नोव्हेंबर २०२४च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने पाडकामापूर्वी १५ दिवसांची नोटीस सक्तीची केली, मात्र नदी आणि जलाशयांतील अनधिकृत बांधकामे त्यातून वगळली. त्यामुळे काठावरची झोपडी या संरक्षणाबाहेर राहते, आणि रजाचिठ्ठी असलेली इमारत अनधिकृतच ठरत नाही. ‘सर्वांना सारखाच नियम’ असे म्हटले तरी पहिला बुलडोझर कोणाच्या दारात जाईल, हे सांगायला हवे का? फुटपाथवासीयांच्या १९८५च्या निकालाने घर हटवण्यापूर्वी बाजू मांडण्याची संधी आवश्यक मानली होती. नकाशा, सुनावणी आणि पर्यायी घर हाच क्रम असला पाहिजे.

समा :
या क्रमाला माझी हरकत नाही, पण तो आमच्या सोसायटीलाही लागू व्हावा.

दांडिया बाजार :
सुनावणी दोघांचीही व्हावी. मात्र तिला मुदत हवी आणि तोवर कोतरांत नवा भराव टाकण्यास पूर्ण मनाई हवी. सिटी सर्व्हे क्रमांकांसह पूरक्षेत्राचा नकाशा प्रत्येक वॉर्ड कार्यालयात लावावा, अशी लेखी मागणी आपण तिघे मिळून करू शकतो.