नवाहो पुलाखालचा नंबरवाला पक्षी: कॉन्डॉरला नेमकं कोण मारतंय?

मंगलमावशी वाईकर

नमस्कार मंडळी. सध्या लेकीकडे अमेरिकेत, ॲरिझोनातल्या फिनिक्सला मुक्काम आहे. परवा जावई आम्हाला पेज गावाहून ग्रँड कॅन्यनच्या उत्तरेकडच्या बाजूला घेऊन निघाले होते. वाटेत कोलोरॅडो नदीवर नवाहो पूल लागतो. तिथे दोन पूल शेजारी शेजारी आहेत. १९२९चा जुना आता फक्त पायी चालायला ठेवलाय. मधोमध जाऊन खाली वाकले तर पाचेकशे फुटांवर हिरवं पाणी, आणि अलीकडे पुलाच्याच लोखंडी तुळईवर हा एवढा थोरला काळा पक्षी बसलेला. मान बोडकी, केशरी-गुलाबी. पंखावर चक्क नंबराचा बिल्ला! आमचे हे म्हणाले, कुणाची तरी पाळलेली टर्की सुटलेली दिसते. मग त्याने पंख उघडले आणि हे गप्पच झाले.

तिथल्या बाईंनी सांगितलं की हा कॅलिफोर्निया कॉन्डॉर, जगात जेमतेम पाचशे-साडेपाचशे उरलेत, आणि सगळ्यात जास्त मरतात ते शिशामुळे. जावई म्हणाले, म्हणजे शिकाऱ्यांच्या गोळ्यांनी. मला रात्रभर तेच डोक्यात. एवढा दुर्मीळ पक्षी, कायद्याचं संरक्षण, तरी लोक त्याला गोळ्या का घालतात? खाण्यासाठी तर नक्कीच नाही. आणि आमच्या लहानपणी वाईला गुरं टाकायच्या जागी गिधाडं बसायची, त्यांचाच हा भाऊबंद का? जाणकारांनी सांगावं.

रानगडी जळगावकर

मावशी, जावयांचं अर्धं बरोबर आहे. गोळी शिकाऱ्याचीच, पण ती कॉन्डॉरला लागत नाही. ती हरणाला लागते.

मी फ्लॅगस्टाफला राहतो आणि दर वर्षी टॅगच्या, म्हणजे शिकारीच्या परवान्याच्या, सोडतीत नाव घालतो. (हो, मी शिकार करतो. इथे लायसन्स, सोडत, हंगाम, सगळं रीतसर आहे. ज्यांना या विषयावर भांडायचंय त्यांनी वेगळा धागा काढा, तिथे येतो.) तुम्ही ज्या बाजूला निघाला होतात ते कैबाबचं पठार. तिथलं म्यूल डिअर नावाजलेलं. हरीण पडलं की जागेवरच पोट फाडून आतडी, कोथळा, फुप्फुसं बाहेर काढायची, नाहीतर मांस खराब होतं. तो ढीग तिथेच सोडून माणूस धड घेऊन जातो. शेकडो वर्षं हेच चालत आलंय आणि त्यात काही वाईटही नाही. कोल्हे, कावळे, गरुड सगळ्यांची दिवाळी होते.

घोळ आहे तो गोळीत. शिशाची रायफलची गोळी हाडावर आपटली की फुटते, आणि तिचा भुगा जखमेपासून वीतभर, कधी त्याहून लांब मांसात पसरतो. डोळ्यांना दिसत नाही, बोटांना लागत नाही. असे ढीग एक्स-रेखाली घालून बघितलेत: २० पैकी १८ ढिगांमध्ये शिसं निघालं, काहींत दोनशेहून जास्त तुकडे. कॉन्डॉरला यातला वाटाण्याहून लहान तुकडा पुरतो. त्याच्या पोटातलं आम्ल इतकं जहाल की सडकं मढं पचवतं. तेच आम्ल शिसंही विरघळवून रक्तात पाठवतं. मग आतड्यांची हालचालच थांबते. गळ्याखालची पिशवी अन्नाने गच्च भरलेली आणि पक्षी उपाशी मरतो. एकदा असा उचलून आणलेला पाहिला होता. मान खाली, पंख लोंबते, आणि गळ्याखाली ही फुगवटी. आपल्याला वाटावं नुकताच पोटभर जेवलाय.

त्यात हे पंगतीला बसणारे पक्षी. एकाला ढीग दिसला की दहा उतरतात. म्हणजे एक शिकारी, एक गोळी, आणि विषबाधा दहांना.

नंबर त्याचसाठी. प्रत्येक पक्ष्याची नोंदवही आहे, जन्मापासून. दर हिवाळ्याच्या सुमाराला त्यांना पिंजऱ्यात धरतात, पायातून रक्त काढतात, जागेवरच शिसं मोजतात. जास्त निघालं तर शिसं बाहेर ओढणाऱ्या औषधाची इंजेक्शनं. बरा झाला की सोडून द्यायचा. पुढच्या हंगामात पुन्हा तोच पक्षी तसाच सापडतो. लोक याला 'रानातला पक्षी' म्हणतात. मी तर म्हणेन हा सलाईनवर जगणारा पक्षी आहे, फक्त खाट आभाळात आहे.

सरळसोट

मग एवढा खटाटोप कशाला? हिमयुगात हत्ती गेले, ह्यांचीही वेळ झाली असेल. एकेका टकल्या पक्ष्यावर एवढे डॉलर जाळण्यापेक्षा माणसांवर खर्च करा की.

रानगडी जळगावकर

सरळसोट, हिमयुगातले हत्ती संपले तेव्हा आतल्या भागातले कॉन्डॉर संपलेही. ग्रँड कॅन्यनच्या गुहांमध्ये त्यांची तेव्हाची हाडं सापडतात. पण पॅसिफिकच्या किनाऱ्याला ते टिकले, कारण तिथे वाहून आलेले देवमासे आणि सील होते. म्हणजे जी वेळ तुम्ही म्हणताय ती दहा हजार वर्षांपूर्वीच येऊन गेली आणि हा पक्षी त्यातून वाचला. त्याला खलास करत आणलं ते गेल्या दीडशे वर्षांत: बंदुका, विषारी आमिषं, शिसं.

१९८२ मध्ये अख्ख्या जगात २२ उरले होते. १९८७च्या एप्रिलमध्ये रानातला शेवटचा नर पकडला आणि सगळे मिळून २७ पक्षी सॅन डिएगो आणि लॉस एंजेलिसच्या प्राणिसंग्रहालयांत गेले. त्या वेळी केवढा वाद झाला होता! एक गट म्हणायचा, पिंजऱ्यात मरण्यापेक्षा मोकळेपणी मरू द्या. पकडायचं ठरलं म्हणून आज मावशींना तो पुलाखाली दिसला.

कॉन्डॉरची मादी साधारण दोन वर्षांतून एक अंडं घालते. एकच. तेही सहा-आठ वर्षांची झाल्यावर. पण अंडं उचललं तर ती दुसरं घालते, हे कळलं आणि गाडं चालू लागलं. पहिलं अंडं यंत्रात उबवायचं, दुसरं आईबापांकडे ठेवायचं. पिल्लाला माणसाचा लळा लागू नये म्हणून कॉन्डॉरच्या डोक्याची चामड्याची बाहुली हातात घालून भरवायचं. खोटे विजेचे खांब उभारून, त्यावर बसलं की हलका झटका द्यायचा, म्हणजे बाहेर गेल्यावर तारांच्या वाटेला जाणार नाही. १९९२ ला कॅलिफोर्नियात सोडायला सुरुवात झाली, १९९६च्या डिसेंबरात आमच्या ॲरिझोनातल्या व्हर्मिलियन क्लिफ्सच्या कड्यांवर.

सांगायचं ते हे की पिल्लं काढणं जमलंय. ते कोडं कधीच सुटलं. हौद भरायला नळ चालू आहे, पण खालचं भोक बुजवत नाही, तोवर खर्च होतच राहणार. तुमची खर्चाची तक्रार मला मान्य आहे. फक्त बिल पक्ष्याच्या नावावर फाडू नका.

सॅलिनासची शुभा

कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याकडून थोडी भर घालते. आमच्या इथे बिग सरला कॉन्डॉर समुद्रावर येऊन मेलेले सी लायन खातात. तिथे शिशाची भीती कमी, म्हणून सगळे खूश होते. मग दिसलं की अंड्यांची टरफलं कागदासारखी पातळ. कारण डीडीटी हे कीटकनाशक. बंदी १९७२ची, पण त्याआधी लॉस एंजेलिसजवळच्या एका कारखान्याने वर्षानुवर्षं समुद्रात सोडलेलं अजून तळाशी आहे. तिथून मासे, मग सी लायन, मग कॉन्डॉर. त्यात २०२० च्या वणव्यात इथलं संगोपन केंद्र जळालं, बरेच पक्षी गेले. रेडवूडच्या एका झाडाच्या ढोलीतलं पिल्लू मात्र वाचलं. कॅमेऱ्यावर आम्ही रात्रभर आग झाडाभोवती येताना पाहत होतो, नंतर कॅमेराच बंद पडला. सकाळी कुणाला झोप म्हणून नव्हती.

आणखी एक. आईबाप पिल्लासाठी हाडांचे तुकडे म्हणून बाटल्यांची बुचं, काचा, नटबोल्ट उचलून नेतात. पिल्लाच्या पोटात मूठभर कचरा निघतो. तेव्हा हायवेच्या कडेला 'व्ह्यू पॉइंट'वर सोड्याची बाटली उघडून बूच भिरकावणारेही या यादीत आहेत. आपली देशी मंडळीही त्यात कमी नाहीत, हे सांगायला वाईट वाटतं.

रानगडी, तुमच्या ॲरिझोनात शिशाच्या गोळीवर बंदी का नाही? कॅलिफोर्नियात २००८ पासून कॉन्डॉरच्या भागात आणि जुलै २०१९ पासून राज्यभर शिकारीत बंदी आहे.

रानगडी जळगावकर

शुभाताई, ही अवघड जागा आहे. १९९६ ला पक्षी इथे आणताना गावोगावच्या सभांमध्ये लोक पेटले होते. गुरं राखणारे, शिकारी, सगळ्यांना वाटलं की पक्ष्याच्या मागून सरकार येणार आणि जमीन बंद करणार. शेवटी तोडगा निघाला की इथले पक्षी कागदोपत्री 'प्रायोगिक' धरायचे, म्हणजे त्यांच्या नावाखाली कुणाच्या वापरावर गदा येणार नाही. तो शब्द दिला म्हणून पक्षी आले.

मग २००५ पासून राज्याच्या वन्यजीव खात्याने उलट्या बाजूने सुरुवात केली. कैबाबचा टॅग लागलेल्याला बिनशिशाच्या गोळ्या फुकट. शिसंच वापरणार असाल तर आतड्यांचा ढीग पिशवीत भरून खात्याच्या तपासणी नाक्यावर आणा, तुमचं नाव बक्षिसाच्या सोडतीत. आज दहातले आठ-नऊ शिकारी यात आहेत, कुणी दांडुका न उगारता. माझे काही सोबती पक्के सरकारद्वेष्टे आहेत. कायदा केला असता तर मुद्दाम शिसं भरलं असतं. 'तुझ्याच हरणाचं मांस आहे, तुझीच पोरं खाणार, एक्स-रे बघ' म्हटलं आणि गडी तांब्याच्या गोळीवर आला.

पण खरं सांगायचं तर उरलेल्या एकदोघांचे ढीगही पुरेसे आहेत. आणि पक्षी सीमारेषा पाहून उडत नाही, दिवसात दीडशे मैल जातो. तुमच्याकडे बंदी असूनही शिशाने मरतातच ना?

सॅलिनासची शुभा

मरतात. मोठ्या रायफलच्या गोळ्या बदलल्या, पण शेताच्या बांधावर जमिनीतल्या खारी मारायला लोक जी छोटी पॉइंट बावीस बंदुकीची गोळी वापरतात, ती बिनशिशाची मिळणं मुश्कील. इथली एक संस्था शेतकऱ्यांना फुकट वाटते. म्हणजे कायदा करूनही शेवटी तुमच्यासारखंच दारोदार जावं लागतं. तरी कायदा हवाच, यावर आपलं जमणार नाही.

म्हसळेकर

मावशींचा भाऊबंदाचा प्रश्न राहिलाच. दिसायला सारखे, कामही तेच, पण कूळ वेगळं. आपली पांढऱ्या पाठीची, लांब चोचीची गिधाडं गरुड-घारींच्या गोतावळ्यातली. कॉन्डॉर अमेरिकेतल्या वेगळ्या घराण्यातला. तुमच्या वाईची गिधाडं शिशाने गेली नाहीत. गुरांना द्यायचं डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक औषध त्यांना मारत होतं: मेलेल्या गाईत औषध राहिलं, ते खाल्लं की मूत्रपिंड निकामी. कारण २००४ ला सिद्ध झालं आणि २००६ ला गुरांसाठी बंदीही आली. पळवाट म्हणून माणसांच्या मोठ्या बाटल्या गुरांना टोचत होते, म्हणून २०१५ ला माणसांची बाटलीही ३ मिलीवर आणली.

मला चीड याची येते की कॉन्डॉर शिशाने मरतो हे १९८०च्या दशकातच शवविच्छेदनात दिसलं होतं. आपल्याकडे कारण कळल्यावर दोन वर्षांत बंदी, आणि महासत्तेत अजून फुकट गोळ्या नि लकी ड्रॉ! आपल्याकडे अंमलबजावणीची बोंब आहे, ती वेगळी गोष्ट. आता हरियाणातल्या पिंजोरच्या केंद्रात वाढवलेली गिधाडं २०२४ मध्ये पेंच आणि ताडोबाला आणली. तिथेही रानात सोडण्याआधी आसपासच्या औषध दुकानांत काय विकलं जातं ते आधी बघावं लागतं.

मंगलमावशी वाईकर

बाप रे, केवढं कळलं. सर्वांचे आभार. रानगडी, लेक विचारते की २०२३ ला बर्ड फ्लूची बातमी होती, ते हेच पक्षी का? आणि गंमत म्हणजे जावयांच्या ऑफिसातल्या मित्राला यंदा कैबाबचाच हरणाचा टॅग लागलाय. जावई सोबत जाणार म्हणतात. मी आता त्यांना काय सांगू?

रानगडी जळगावकर

हो मावशी, हेच. आमच्या ॲरिझोना-युटाच्या शंभरावर पक्ष्यांपैकी २१ त्या वसंतात गेले. काही अंड्यांवर बसलेले होते. सुरुवातीला सगळ्यांना शिसंच वाटलं, कारण लक्षणं तशीच, सुस्त आणि लुळी. मग घाईने लस मंजूर झाली, आधी काळ्या गिधाडांवर तपासली आणि मग कॉन्डॉरना टोचली.

जावयांच्या मित्राला सांगा: टॅग लागल्यावर खात्याकडून फुकट गोळ्यांचं पत्र येतं, ते जाहिरात समजून केरात टाकू नका. गोळ्या आत्ताच घ्या, ऐन हंगामात दुकानात हवं ते माप मिळत नाही. तांब्याची गोळी त्याच वजनात लांब असते, नेम थोडा वेगळा पडतो, त्यामुळे एक पायरी हलकी घेऊन आधी नेमबाजीच्या रेंजवर बंदुकीवरची दुर्बीण जुळवून घ्या. नाहीतर लोक जुन्या जुळणीवर झाडतात, हरीण जखमी होऊन पळतं आणि मग 'तांबं बेकार' म्हणून बोंबलतात. घरात शिशाचीच पेटी उरली असेल आणि तीच न्यायची असेल, तर दोन जाड कचऱ्याच्या पिशव्या आणि कोपरापर्यंतचे हातमोजे घ्या. ढीग वीस-पंचवीस किलोचा भरतो, चढावर दम निघतो. तो उचलायला जावई आहेतच.

पुलावरच्या फोटोत नंबर नीट दिसत असेल तर 'कॉन्डॉर स्पॉटर' साइटवर टाका. नर की मादी, कुठे आणि कधी जन्मला, सगळं निघेल. इथेही कळवा, कुठला आहे बघू.