जुनी हत्यारं स्वस्तात कशी मिळवलीत? (अनुभव धागा)

घरच्या घरी सुतारकाम, फिटिंग करणारे इथे बरेच आहेत. नवं चांगलं हत्यार परवडत नाही आणि नवं स्वस्त हत्यार धार धरत नाही, म्हणून सगळेच कधी ना कधी जुन्या बाजाराकडे वळतात. कुठे मिळालं ते सांगाच, पण हातात घेतल्यावर काय पाहिलंत तेही लिहा. खरा उपयोग त्याचाच होतो.

माझ्यापासून सुरुवात करतो. पुण्याचा जुना बाजार, रविवार आणि बुधवार. मी लोखंडी रंध्यांच्या मागे असतो. गंज बघून बाकीची गिऱ्हाइकं पुढे सरकतात, त्यामुळे भाव आधीच पडलेला असतो. वरवरच्या गंजाला मी भीत नाही. आधी पातं काढून बघतो (विकणारा कुरकुरतो, कुरकुरू दे). पात्याच्या पाठीला, धारेलगत खड्डे पडले असतील तर ते घासता घासता हात गळून जातात, तरी जात नाहीत. मग रंधा उलटा करून तोंडाच्या (पातं बाहेर येतं त्या फटीच्या) दोन्ही बाजूंनी नख फिरवायचं. रंधा खाली पडला की बिडाला (ओतीव लोखंडाला) तडा बहुतेक तिथेच जातो. तडा दिसला तर फुकट दिला तरी नको. मूठ तुटकी असेल तर मात्र मी खूश. तेवढ्यावरून भाव खाली आणता येतो आणि मूठ शिसवीच्या तुकड्यातून आपली आपण करता येते.

परळहून

वडील गिरणीत फिटर होते. १९८२च्या संपानंतर गिरण्या एकेक करून बंद पडत गेल्या आणि वर्कशॉपांतलं सामान भंगारात किलोवर गेलं. त्यातलं काही अजून फिरतंय. चोर बाजारात शुक्रवारी भल्या पहाटे पथाऱ्या लागतात तेव्हा जायचं. ऊन वर आलं की चांगला माल दलालांच्या पिशवीत गेलेला असतो.

मी मोजमापाची हत्यारं बघतो. ०-२५ मिमीचा मायक्रोमीटर (बारीक जाडी मोजायचं स्क्रूचं हत्यार) पूर्ण मिटवायचा, टोकाचं रॅचेट (पुरेसा दाब आला की नुसती फिरणारी खुंटी) टकटक वाजू द्यायचं आणि शून्याची रेघ जुळते का पाहायचं. जराशी सरकली असेल तर पान्याने जुळवता येते. पण फिरवताना मध्येच जड आणि मध्येच सैल लागला तर स्क्रू झिजलाय, परत ठेवून द्या. व्हर्नियर (सरकत्या जबड्यांची मोजपट्टी) मिटवून उजेडाकडे धरा. जबड्यांतून उजेड आला की विषय संपला. इंचातले मायक्रोमीटर कोणी विचारत नाही, त्यामुळे ते मातीमोल भावात जातात. मला इंचाचं वावडं नाही.

नाशिकहून

थोडं उलटं मत. पकड आणि स्क्रू ड्रायव्हर जुने घेऊच नका. आमच्याकडच्या टपारियाची नवी पकड इतकी काही महाग नाही. जुन्या पकडीच्या मुठीवरचं प्लास्टिक चिरलेलं असतं आणि विजेच्या कामाला तेच नेमकं जिवावर बेतायचं. कानशीसुद्धा नव्याच घ्या. दात गेलेली कानस कशाच्या कामाची?

त्याला उत्तर, कराडहून

कानशीबद्दल असहमत. दात गेले तरी पोलाद उत्तम असतं. मी तिची आखणीची सुरी करतो. फक्त ग्राइंडरवर घिसाडघाई नको. कडा निळी पडली की पोलादाचं पाणी (कडकपणा) उतरलं समजा. मग कितीही पाजळा, धार टिकत नाही. घासताना दर थोड्या वेळाने पाण्यात बुडवत राहायचं.

शेफील्डहून (इंग्लंड)

इथे रविवारी सकाळी मोठ्या मैदानात लोक गाडीची डिकी उघडून घरातलं जुनं सामान विकायला बसतात. आजोबा गेले, त्यांची पेटी नातवाला नको, असं बरंच. हे शहरच हत्यारांचं, त्यामुळे पटाशीवर (सुताराच्या छिन्नीवर) गावाचं नाव कोरलेलं दिसणं इथे नवलाचं नाही. मी मार्पल्स या इथल्या जुन्या कंपनीच्या पटाश्या घेतल्या, सुटी नाणी देऊन. सेट मागितलात की भाव चढतो, सुट्या सुट्या घ्या. पातं किती उरलंय ते मात्र बघा. वर्षानुवर्षं घासून बोटभर राहिलेली पटाशी दिसायला गोंडस असते, कामाला नाही. माझ्या नवऱ्याचं म्हणणं, घरात आता माणसांपेक्षा पटाश्या जास्त. भारतात आणताना विमानात चेक-इन बॅगेतच टाका.

मिरज भागातून

आमच्याकडे बाजारापेक्षा सुतारांची घरं. पोरं पुण्याला नोकरीत, लाकूड तासायचे वाकस, किकरं अशी सुतारी हत्यारं माळ्यावर. मी आधी काहीतरी काम घेऊन जातो, दांडा बसवून घ्यायचा वगैरे. चहा होतो. मग विचारतो, "काका, वरचं काही द्यायचं आहे का?" तिथे घासाघीस करत नाही, ते सांगतील तो आकडा. खंडेनवमीच्या सुमारास तर विचारूही नका, हत्यारं पूजेला मांडलेली असतात. एका काकांनी वाकस दिला तो दांड्याशिवाय. "दांडा माझ्या हाताचा आहे, तुझा तू बाभळीचा कर," म्हणाले.

डोंबिवलीहून, गंजाबद्दल

पाण्यात धुण्याचा सोडा विरघळवायचा, गंजलेलं हत्यार बॅटरी चार्जरच्या ऋण टोकाला आणि दुसरा साध्या लोखंडाचा तुकडा धन टोकाला. दोन्ही एकमेकांना टेकता कामा नयेत. सकाळपर्यंत गंज सुटतो आणि खालचं लोखंड खाल्लं जात नाही. धन टोकाला स्टेनलेस स्टीलचा चमचा लावू नका, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. हायड्रोजनही निघतो, म्हणून हे गॅलरीत करायचं, बंद खोलीत नाही. ही भानगड नको असेल तर व्हिनेगर आहेच, पण त्यात विसरून राहिलं तर चांगलं लोखंडही खाल्लं जातं. बाहेर काढल्यावर लगेच पुसून तेलाचा हात.

पुन्हा पुण्याहून

ऐरण म्हणून रुळाचा तुकडा कुठे मिळेल, असं दोघांनी व्यनित (खासगी निरोपात) विचारलं. बाजारात दिसतो, पण घेऊ नका. रेल्वेची मालमत्ता बेकायदा बाळगण्याविरुद्ध १९६६चा कायदा आहे आणि पावतीशिवाय तुमच्याकडे उत्तर नसेल.

आणि परळकर, तुमच्याकडे गिरणीतले व्हिटवर्थचे (जुन्या ब्रिटिश इंची मापाचे) पाने पडलेत का? १/२ लिहिलेला हवाय. तो आकडा बोल्टच्या जाडीचा, पान्याचं तोंड २३ मिमीहून थोडं मोठं असतं, त्यामुळे मिमीचे पाने माझ्या जुन्या लेथवर घसरतात. बदल्यात इंची मायक्रोमीटर देतो.