देव गप्प वाटत असताना मंडळीपुढे साक्ष द्यावी का?

प्रश्न

सर्वांना प्रभूमध्ये सलाम. मी अहिल्यानगर जिल्ह्यातील एका मंडळीचा (चर्चचा) सभासद असून गेली नऊ वर्षे पंच, म्हणजे मंडळीचा कारभार पाहणाऱ्यांपैकी एक, म्हणून सेवा करतो. रविवारच्या उपासनेत शास्त्रपाठ वाचणे आणि आठवड्याच्या घरभक्तीत प्रार्थना चालवणे ही कामे माझ्याकडे असतात.

माझा धाकटा भाऊ पुण्यात राहत होता. त्याची दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाल्यावर आठवड्यातून तीनदा डायलिसिस सुरू झाले आणि तेव्हापासून रोज पहाटे साडेपाचला आम्ही दोघे फोनवर एकत्र प्रार्थना करू लागलो. डायलिसिसच्या दुसऱ्या दिवशी त्याच्या अंगात बोलण्याचेही बळ नसे. त्या दिवशी मी प्रार्थना करायचो आणि तो शेवटी फक्त ‘आमेन’ म्हणायचा. असे अडीच वर्षे चालले. त्याच्यासाठी तीन मंडळ्यांनी साखळी प्रार्थना केली, माझ्या आईने उपवास धरले, आणि गेल्या वर्षी ऐन पावसाळ्यात तो गेला.

साडेपाचचा गजर मी अजून बंद केलेला नाही. तो वाजला की उठतो, चूळ भरतो आणि पवित्र शास्त्र उघडून बसतो. पूर्वी बसल्याबसल्या मन भरून येत असे. आता माझी स्थिती दाराबाहेर उभे राहून हाका मारणाऱ्या माणसासारखी आहे; चारदोन हाका मारल्यावर आत कोणी नसावे अशी शंका येते, आणि तरी तेथून निघून जाववत नाही. देव नाही असे मी म्हणत नाही. परंतु तो माझ्याशी बोलत नाही, आणि याला आता चौदा महिने झाले.

पुढच्या महिन्यात आमच्या मंडळीत उपकारस्तुतीची सभा आहे आणि पाळकसाहेबांनी मला साक्ष द्यायला, म्हणजे देवाने माझ्या आयुष्यात काय केले ते सर्वांपुढे सांगायला, सांगितले आहे. या दुःखातून माझा विश्वास अधिक बळकट झाला, अशी त्यांची आणि सगळ्यांचीच समजूत आहे. तसे घडलेले नाही, हे मी एकट्याने ओळखून आहे. म्हणून विचारतो: आतून कोरडा असताना मी दर आठवड्याला दुसऱ्यांसाठी मोठ्याने प्रार्थना करतो, हे ढोंग नव्हे काय? आणि त्या सभेत उभे राहून मी काय सांगावे?

पहिले उत्तर (एक विश्वासू बंधू, सोलापूर)

प्रिय बंधू, तुमच्या दुःखात सहभागी आहोत. तरीही प्रेमाने एक गोष्ट सुचवावीशी वाटते. परमेश्वराचा हात तोकडा झालेला नाही आणि त्याचा कान मंद झालेला नाही, पण आपली पापे त्याच्या आणि आपल्या आड येतात, असे पवित्र शास्त्रात यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या 59व्या अध्यायात स्पष्ट सांगितले आहे. एखादे न कबूल केलेले पाप, कोणाविषयी मनात राहिलेली अढी, किंवा प्रार्थना करतानाच बाळगलेला संशय आहे का, हे उपवास करून तपासून पाहावे. मला स्वतःला अशा तपासणीने लाभ झालेला आहे. साक्ष मात्र अवश्य द्यावी, कारण विश्वासाने तोंड उघडले म्हणजे आशीर्वाद मागाहून येतो.

दुसरे उत्तर (निवृत्त शिक्षक, संगमनेर)

सोलापूरच्या बंधूंचा हेतू चांगला आहे आणि आत्मपरीक्षण कोणालाही अपायकारक नाही. परंतु ज्याचा भाऊ गेला त्याला पहिल्याच उत्तरात ‘तुझे काही चुकले असेल’ असे सांगावे, हे मला अगदी पटत नाही, आणि पवित्र शास्त्रालाही ते पटलेले दिसत नाही. ईयोब हा नीतिमान माणूस मुलेबाळे आणि सर्वस्व गमावून बसला होता; त्याचे तीन मित्र त्याच्याकडे आले तेव्हा सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर न बोलता बसून राहिले. त्यांच्या हातून घडलेली सर्वांत चांगली गोष्ट तीच होती. त्यानंतर त्यांनी तोंड उघडले आणि अनेक अध्याय हेच सांगितले, की देव न्यायी आहे, म्हणून तुझ्यात काही खोट असलीच पाहिजे. ईयोब मात्र देवालाच जाब विचारत राहिला: मी पूर्वेकडे जातो तर तो तेथे नाही, पश्चिमेकडे जातो तर तो मला दिसत नाही. या सगळ्याचा निवाडा ईयोबाच्या पुस्तकाच्या 42व्या अध्यायाच्या 7व्या वचनात आहे. देव त्या मित्रांना म्हणतो, की माझा सेवक ईयोब माझ्याविषयी जसे यथार्थ बोलला तसे तुम्ही बोलला नाही. देवाची बाजू घेऊन बोलणारे चुकले आणि देवाशी भांडणारा बरोबर ठरला, हे वचन मी शब्बाथशाळेत अनेक वर्षे शिकवले. पण माझी पत्नी गेल्यानंतर ते मला खऱ्या अर्थाने वाचता आले.

आता तुमच्या पहिल्या प्रश्नाकडे वळतो. मनात नसलेला आनंद चेहऱ्यावर आणणे हे ढोंग आहे. परंतु मनात काही उमटत नसतानाही ठरलेल्या वेळी प्रार्थनेला बसणे हे ढोंग नव्हे; त्याला आपल्या भाषेत निष्ठा म्हणतात. पीक येईल की नाही हे ठाऊक नसताना शेतकरी पेरणी करतो, तेव्हा तो खोटे वागतो असे आपण म्हणत नाही. तुम्ही चौदा महिने पहाटे उठत आहात. देव नाही असे ज्याच्या मनाने घेतले आहे, तो माणूस चौदा महिने दारात उभा राहत नाही.

अडचण येते ती शब्दांची, आणि तेथे उसने शब्द वापरायला काहीच हरकत नाही. स्तोत्रसंहितेतील 150 स्तोत्रांपैकी फार मोठा भाग गाऱ्हाण्यांचा आहे, पण आपण उपासनेत 23वे, 100वे, 103वे आणि 121वे स्तोत्र वाचतो आणि बाकीची पाने कोरीच राहतात. 13वे स्तोत्र काढून पाहा. सहाच वचने आहेत, आणि पहिल्या दोन वचनांत ‘कोठवर’ हा प्रश्न चार वेळा आला आहे. त्याचा शेवट तरी स्तुतीकडे वळतो. 88वे तसेही वळत नाही: त्यातला माणूस रात्रंदिवस हाका मारतो, उत्तर मिळत नाही, सोबती दुरावतात, आणि शेवटी उरतो तो अंधार. मूळ इब्रीमध्येही अखेरचा शब्द अंधाराचाच आहे. ज्यांनी हा संग्रह केला त्यांनी त्या स्तोत्राला समाधानकारक शेवट जोडला नाही आणि ते बाहेरही टाकले नाही. मंदिरात गाण्यासाठी ते जसेच्या तसे ठेवले. त्यामुळे तुम्ही ज्या जागी उभे आहात, ती जागा पवित्र शास्त्राच्या आतलीच आहे.

शिवाय आपण मराठी माणसे देवाशी भांडणे हे अभक्तीचे लक्षण कधीपासून मानू लागलो? तुकोबांच्या कितीतरी अभंगांत विठ्ठलाशी उघड भांडण आहे, आणि म्हणून त्यांना कोणी अभक्त म्हटले नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळक 1895 साली ख्रिस्ती झाले. तुकोबांच्या सेतूवरून आपण ख्रिस्तापाशी आलो असे ते म्हणत, आणि त्यांची पदे आपण आजही उपासनेत गातो. त्या सेतूवरून गोडवा तेवढा इकडे आला आणि भांडण पलीकडेच राहिले, याची मला खंत वाटते.

तिसरे उत्तर (एक कॅथलिक भगिनी, वसई)

दादा, जय येशू. आमच्याकडे प्रार्थनेची रीत वेगळी असली तरी दुःख एकच आहे, म्हणून लिहिते.

मदर तेरेसा यांची खासगी पत्रे त्यांच्या निधनानंतर दहा वर्षांनी, 2007 साली प्रसिद्ध झाली तेव्हा आमच्या गावात अनेकांना धक्का बसला होता. ज्या बाईकडे पाहून लोकांना देवाची आठवण व्हायची, तिला स्वतःला जवळजवळ पन्नास वर्षे देवाचा सहवास जाणवत नव्हता. 1946 साली दार्जिलिंगला जाताना आगगाडीत त्यांना येशूची हाक आली, 1950 साली त्यांची संस्था उभी राहिली, आणि नेमक्या त्याच सुमारास आतला आवाज बंद झाला. मधे 1958 साली थोडे दिवस तो अंधार दूर झाला आणि मग पुन्हा पसरला. ही पत्रे नष्ट करावीत अशी त्यांची इच्छा होती. माझ्या सासूबाई तेव्हा म्हणाल्या होत्या, ‘म्हणजे त्यासुद्धा आपल्यासारख्याच होत्या तर,’ आणि त्या दिवसापासून जपमाळ करताना त्यांचा चेहरा मला अधिक मोकळा वाटू लागला.

तुम्हाला विशेष सांगायचे आहे ते पुढचे. 1961च्या सुमारास मदर तेरेसा यांनी आपली ही अवस्था फादर जोसेफ नॉयनर यांच्यापुढे मांडली. ते मूळचे ऑस्ट्रियाचे येशूसंघीय (जेझुइट) धर्मगुरू होते, आणि त्यांनी अनेक वर्षे आपल्या पुण्यात ईशज्ञान (ख्रिस्ती धर्मशास्त्र) शिकवले. त्यांनी मदरना हा अंधार घालवण्याचा उपाय सांगितला नाही, कारण त्याला माणसाच्या हातचा उपाय नाही असेच त्यांचे मत होते. देव जाणवणे हा देव असल्याचा एकमेव पुरावा नव्हे, आणि त्याच्यासाठी लागलेली ओढ हीच तो आत असल्याची खूण आहे, असे त्यांनी समजावले. आणि ज्या टाकलेल्या माणसांची सेवा त्या करीत होत्या त्यांच्या एकटेपणाशी या अंधाराचे नाते जोडून दाखवले. त्यानंतर मदरनी त्यांना कळवले, की अकरा वर्षांत प्रथमच मी या अंधारावर प्रेम करू लागले आहे. अंधार तसाच राहिला, पण त्या कामाला लागल्या.

म्हणून माझी विनंती एवढीच आहे, की साक्षीचे काय करायचे ते नंतर ठरवा, पण आधी एका माणसाला सगळे खरे सांगा. तुमच्या पाळकांना ठाऊक नसताना ते तुम्हाला साक्षीसाठी उभे करीत आहेत, यात त्यांचाही दोष नाही. मदरनीसुद्धा जगापासून लपवले, तरी आपल्या धर्मगुरूंपासून लपवले नाही.

चौथे उत्तर (पाळकबाई, मराठवाडा)

वरील उत्तरे वाचून समाधान वाटले. मी दोनच गोष्टींची भर घालते. झोप लागते का आणि जेवण जाते का, हे तुम्ही लिहिलेले नाही. एलीया संदेष्टा मरण मागत झुडपाखाली पडला होता तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. त्याने भाकर आणि पाणी दिले, पुन्हा झोपू दिले, आणि मग उठवून पुन्हा खायला दिले. होरेब डोंगर आणि तेथे ऐकू आलेली देवाची मंद वाणी त्यानंतर चाळीस दिवसांनी आली. आमच्या मंडळीत एका तरुणाच्या बाबतीत आम्ही वर्षभर प्रार्थनाच करीत राहिलो आणि डॉक्टरांकडे फार उशिरा नेले, ही माझी स्वतःची चूक आहे आणि ती मला अजून टोचते. शोक वेगळा आणि आजार वेगळा. पण ते दोन्ही एकाच माणसात असू शकतात.

दुसरी गोष्ट साक्षीविषयी आहे. ‘साक्ष’ हा शब्द कोर्टातला आहे. साक्षीदाराने जे पाहिले ते सांगायचे असते. जे पाहायला हवे होते ते सांगितले तर ती खोटी साक्ष होते. आपल्या सभांमध्ये साक्षीचा एकच साचा पडला आहे: संकट आले, प्रार्थना केली, देवाने सोडवले, हालेलूया. ज्यांच्या घरातले माणूस वाचले नाही त्या बाया मागच्या सतरंजीवर बसून हे ऐकतात आणि मुकाट्याने घरी जातात. मी त्यांच्या घरी जाते, म्हणून मला हे ठाऊक आहे. प्रभू येशूने वधस्तंभावरून ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ असे मोठ्याने विचारले, आणि त्या क्षणी आकाशातून वाणी झाली असे कोणत्याही शुभवर्तमानात लिहिलेले नाही. बाप्तिस्म्याच्या वेळी झाली होती, रूपांतराच्या डोंगरावर झाली होती. तेथे झाली नाही. तरीही त्याने ‘माझ्या देवा’ म्हणणे सोडले नाही. तुम्ही उभे राहून एवढे सांगितलेत, की माझा भाऊ गेला, मला देवाकडून उत्तर मिळाले नाही, आणि मी अजून साडेपाचला उठतो, तर ती पूर्ण साक्ष आहे. तेवढेही जमणार नसेल तर त्या दिवशी उभे राहू नका. ‘नाही’ म्हणायला पंचांनाही मुभा असते.

प्रश्नकर्त्याचे उत्तर

सर्वांचे आभार. सोलापूरच्या बंधूंविषयीही माझ्या मनात राग नाही. मी स्वतः दुसऱ्यांच्या घरी जाऊन याच वचनावरून बोललो आहे, हे मला त्यांचे उत्तर वाचताना आठवले आणि ती घरे डोळ्यांपुढे आली. त्यांपैकी दोन घरी मला पुन्हा जावे लागेल.

शुक्रवारी पाळकसाहेबांना भेटलो आणि सगळे सांगितले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, आणि मला ते बरे वाटले. साक्षीऐवजी त्या सभेत मी 88वे स्तोत्र वाचावे असे ठरले आहे. वाचून झाल्यावर त्यावर कोणी उपदेश करायचा नाही, असे मी मागून घेतले. पाळकबाई, झोप लागत नाही हे खरे आहे. सोमवारी डॉक्टरांची वेळ घेतली आहे.

आणखी एक गोष्ट घडली. काल पुण्याला भावजयीशी बोलताना मी गजराचा विषय काढला. ती म्हणाली, की तीही अजून साडेपाचलाच जागी होते, कारण इतकी वर्षे माझा फोन त्यांच्या उशाशीच वाजत असे. पण त्या वेळी उठून काय करायचे हे तिला कळत नाही, म्हणून ती तशीच पडून राहते. उद्यापासून मी त्या वेळी तिला फोन करणार आहे. रोज एक स्तोत्र वाचायचे एवढे आम्ही ठरवले आहे, 13व्यापासून सुरुवात करून. वाचून झाल्यावर प्रार्थना कोणी करायची, हे अजून ठरलेले नाही.