मदत हवी आहे: सासर मॉरिशसचं, माहेर कराचीचं, कोकणातलं मूळ गाव कसं शोधावं?

नमस्कार मंडळी,

माझा नवरा मॉरिशसचा मराठी. मी मुंबईत वाढले, पण आमचं घराणं १९४८पर्यंत कराचीत होतं. "आपण मूळचे रत्नागिरीकडचे" एवढंच दोन्ही घरांत पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. रत्नागिरीत नेमकं कुठलं गाव, ते कुणालाच ठाऊक नाही. वर्षभर माझ्या परीनं शोधते आहे, आता गाडी अडली आहे. कोकणातल्या, मोडी येणाऱ्या आणि दप्तरं हाताळलेल्या लोकांनी जरूर लिहा.

आधी सासरचं सांगते. सुरुवातीचे तीन महिने मी आडनावामागे लागून वाया घालवले. त्यांच्या आडनावाच्या शेवटी 'जी' आहे. कोकणात तसं आडनाव कुठे सापडतं का म्हणून पार मतदार याद्या चाळल्या. मग सासूबाईंनी फोनवर सहज सांगितलं, "अगं, ते आडनाव नव्हेच. ते त्यांचं नाव होतं." मॉरिशसला गेलेल्या मजुरांची नोंद स्वतःचं नाव आणि बापाचं नाव एवढ्यावरच व्हायची. पुढे मुलांची नोंदणी झाली तेव्हा पहिल्या माणसाचं नावच घराण्याचं आडनाव होऊन बसलं. म्हणजे खरं आडनाव मुंबईच्या धक्क्यावरच सुटलं.

दुसरी गोष्ट मात्र फार मोलाची मिळाली, ती म्हणजे नंबर. तिथे उतरलेल्या प्रत्येक मजुराला एक क्रमांक मिळायचा, आणि तो पुढे त्याच्या लग्नाच्या, मुलांच्या जन्माच्या दाखल्यांवरही येतो. नवऱ्यानं एकेक दाखला जोडत खापरपणजोबांपर्यंत साखळी नेली. मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत ही जुनी दप्तरं आहेत, तिथून नोंदीचा उतारा मिळाला. साल १८५९, वय २२, बापाचं नाव, उंची, डाव्या भुवईवर व्रण. तो व्रणाचा शब्द वाचून नवरा बराच वेळ गप्प होता. त्यांचा फोटो कुठेच नाही. १८६७च्या कायद्यानं मजुरांच्या ओळखपत्रावर फोटो सक्तीचा झाला, त्याआधीच ते वारले असावेत. चेहऱ्याची खूण म्हणून आमच्याकडे तेवढा व्रणच आहे.

अडचण आहे ती गावाची. जिल्हा रत्नागिरी (आजच्या सिंधुदुर्गाचा बराच भाग तेव्हा त्यातच होता), हे स्पष्ट वाचता येतं. गावाच्या रकान्यात गोऱ्या कारकुनानं कानावर पडलं तसं लिहिलंय. मला ते कधी 'केलूस' वाटतं, कधी 'कालोशी'. केळूस वेंगुर्ल्यात आहे, कोळोशी कणकवलीत आहे, आणि कणकवलीतच कळसुलीही आहे.

आणखी एक धागा आहे. सासूबाईंकडे गणपतीत जे गाऱ्हाणं, म्हणजे देवाला साकडं, घालतात, त्यात दर ओळीला सगळे मिळून "व्हय म्हाराजा" म्हणतात. क्रिओल ही मॉरिशसची बोली बोलणारी, शिवाजी महाराजांपलीकडे महाराष्ट्राचं फारसं ठाऊक नसलेली पोरंसुद्धा त्या ठेक्यात बरोबर साथ देतात. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा अंगावर काटा आला. गाऱ्हाण्यात एक नाव येतं, 'रवळू'. हा कोकणातला ग्रामदेव रवळनाथ असेल का?

आता माहेरचं. पणजोबा कराची बंदरात कामाला होते. सिंध १९३६पर्यंत मुंबई इलाख्यातच असल्यामुळे तेव्हा कराचीला जाणं म्हणजे परदेशी जाणं नव्हतं. ६ जानेवारी १९४८ला तिथे दंगल झाली आणि महिन्याभरात सगळे बोटीनं मुंबईला आले. आजी तेव्हा अकरा वर्षांची होती. आडनाव शाबूत आहे, पण ते कोकणात गावोगाव आढळतं, त्यामुळे त्यावरून काही ठरत नाही. कागद एकही नाही. आहे तो एक पितळी डबा, तांदळाचा. आजीच्या आईनं पदराखाली धरून आणलेला.

डब्यावर ठिपक्या-ठिपक्यांनी कोरलेली अक्षरं आहेत, पूर्वी भांड्यांवर नावं घालत तशी. पणजोबांचं नाव, मग 'मु.', मग गावाचं नाव. त्यातलं पहिलं अक्षर 'आ' आणि शेवटचं 'ली', मधलं सत्तर वर्षं चिंच-राख लावून घासून गेलेलं. पुढे 'ता.' आणि त्यानंतर फक्त वर एक ठिपका उरलाय. यादी केली तर आडवली, आडेली, आसोली, आरवली, आंबोली, सगळीच बसतात!

तर माझे प्रश्न. मॉरिशसच्या उताऱ्यातलं गाव ठरवायला आणखी काय पाहावं? तलाठ्याकडे किंवा तहसीलला किती जुनं काही मिळतं? कराचीच्या बाबतीत इथे बसून काय करता येईल? आणि गावात गेलो तर कुणाला विचारावं? डीएनए चाचणी सुचवू नका, तिनं गाव कळत नाही.

सासूबाई ७८ वर्षांच्या आहेत. गावाचं देऊळ एकदा पाहायचं, एवढंच त्यांचं म्हणणं आहे.

प्रतिसाद: मोडीवाचक

ताई, डब्यापासून सुरुवात करतो. 'ता.' नंतरचा ठिपका अनुस्वाराचा असेल तर मालवण बाद, म्हणजे आडवलीही बाद. आंबोली सावंतवाडीत येते, पण ते तेव्हा संस्थान होतं, शिवाय त्यात अनुस्वार दुसऱ्या अक्षरावर आहे. तुमचा ठिपका पहिल्या अक्षरावर आहे की दुसऱ्या, ते नीट मोजा. पहिल्यावर असेल तर वेंगुर्ले किंवा संगमेश्वर. घाई करू नका, कारण आरवली या दोन्ही तालुक्यांत आहे! डबा घासू नका. अंधाऱ्या खोलीत बॅटरी अगदी आडवी धरून चारही बाजूंनी फोटो काढा. ठोक्यानं दबलेला पितळ घासला गेला तरी खळगा थोडा राहतो, आडव्या उजेडात त्याची सावली पडते.

सरकारी दप्तराचं म्हणाल तर गाव नमुना नंबर १४, म्हणजे जन्म-मृत्यूची नोंदवही, ज्याला लोक कोतवाल बुक म्हणतात, ती तहसीलच्या अभिलेख कक्षात विचारा. जुनी पानं मोडीत असतात. २०२३मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाल्यापासून असली बरीच पानं स्कॅन होऊन जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर आली आहेत, आधी घरबसल्या ती बघा. पण १८५९ला गेलेला माणूस त्यात सापडायचा नाही. तो गेला, त्याची मागे ना पोरं ना मृत्यू. तुम्हाला शोधायचे आहेत त्याचे भाऊ. उताऱ्यातलं बापाचं नाव हाच तुमचा धागा.

प्रतिसाद: माहेर कणकवली

"व्हय म्हाराजा" वाचून डोळे भरून आले गो बाय.

रवळू म्हणजे रवळनाथच, पण रवळनाथ सिंधुदुर्गात आणि गोव्यात किती गावांत आहे याची गणती नाही. एकट्या रवळनाथावर जाऊ नका. गाऱ्हाण्यात ग्रामदेवतांची नावं ठरलेल्या क्रमानं येतात आणि तो क्रम गावागणिक वेगळा असतो. सासूबाईंकडून पूर्ण गाऱ्हाणं रेकॉर्ड करून घ्या, त्यांना अर्थहीन वाटणारे शब्दसुद्धा गाळू देऊ नका. तेच शब्द एखाद्या देवीचं नाहीतर वाडीचं नाव असू शकतं. मग ते रेकॉर्डिंग तिन्ही गावांतल्या गुरवाला ऐकवा. तो ऐकताक्षणी सांगेल आपलं की नाही.

जायचं तर गणपतीत नाहीतर शिमग्याला जा. चाकरमानी आलेले असतात, जाणती माणसं देवळात एकत्र सापडतात. आडनाव विचारण्याऐवजी असं विचारा, "कुणाच्या घराण्यातला कोणी मिरच देशाला गेला होता का?" मॉरिशसचं ते जुनं नाव म्हाताऱ्यांच्या कानावरून गेलेलं असू शकतं.

प्रतिसाद: जुनी पाटी

कराचीबद्दल एक सुचवते. १९४८ला मुंबईत आल्यावर आजीला आणि तिच्या भावंडांना कुठल्या तरी शाळेत घातलं असेल. त्या शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा मागा. त्यात जन्मस्थळ असतं, आधीची शाळाही असते. कराचीची शाळा कळली की निदान पुढचं पत्र कुणाला लिहायचं ते कळेल.

सगळ्यात थोरल्या भावंडाचा उतारा आधी काढा. पहिलं बाळंतपण माहेरी होतं, त्यामुळे थोरल्याचं जन्मस्थळ कराची नसून कोकणातलं एखादं गाव असण्याची शक्यता खूप. ते पणजीचं माहेर निघेल, पणजोबांचं गाव नव्हे, हे ध्यानात ठेवा. पण तेव्हा सोयरीक आसपासच्या गावांतच व्हायची, म्हणजे टापू तरी कळेल.

आणि एक. दोन्ही घराणी वेंगुर्ल्यातच नेऊन ठेवायचा मोह होईल, मलाही वाचताना झाला. दोन्हींचे कागद वेगवेगळ्या फायलीत ठेवा आणि एकीचा पुरावा दुसरीला लावू नका.

धागाकर्ती

तुम्हा सगळ्यांचे किती आभार मानू!

काल रात्री दिवे घालवून बॅटरीनं फोटो काढले. ठिपका पहिल्याच अक्षरावर आहे. 'आ'च्या शेजारच्या अक्षराला खाली गोल वळण दिसतंय, 'स' नक्की नाही. म्हणजे आसोली गेली, आडेली आणि दोन आरवल्या उरल्या. फोटो उद्या टाकते, मोडीवाचकदादा, एकदा डोळ्यांखालून घाला.

थोरल्या मामेआजोबांचा मुलगा दादरला असतो, त्याला शाळेचं विचारलं. वडिलांचा शाळा सोडल्याचा दाखला त्याच्याकडे आहे म्हणाला. ट्रंकेत आहे, रविवारी काढतो.

आणि सासूबाईंनी गाऱ्हाणं म्हणून पाठवलंय, पूर्ण सव्वाचार मिनिटांचं. मधे दोनदा थांबल्या, "हे काय ते मला माहीत नाही, माझी सासू असंच म्हणायची," असं म्हणाल्या, आणि तसंच म्हटलं. ते दोन शब्द मला 'पावणाय' आणि 'देवचार' असे ऐकू येतात. माहेर कणकवली, तुम्हाला ते रेकॉर्डिंग पाठवू का?